जनावराच्या हृदयाचा स्नायू बिघडला, तर कारण कुठे शोधायचं

"काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होतं हो, सकाळी बघतो तर आडवं. अटॅकच आला असणार." पंचवीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतेय आणि हे वाक्य ऐकलं नाही असा महिना गेलेला आठवत नाही. माणसाला येतो तसा अटॅक, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी चोंदून येणारा, जनावरांत क्वचित दिसतो. नळ्या साफ असतात. मेलेला, सुजलेला, पातळ पडलेला किंवा नको तितका जाड झालेला असतो तो खुद्द स्नायू. (म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांच्या झडपा झिजतात, तो वेगळा विषय. तो इथे नाही.)

स्नायू का बिघडला, हे कळलं तरच गोठ्यातली उरलेली जनावरं वाचतात. म्हणून हे मालकांसाठीही लिहितेय आणि नुकतेच बाहेर पडलेल्या डॉक्टरांसाठीही. माझी पद्धत उलटी आहे. मी हृदयापासून सुरुवात करत नाही, गव्हाणीपासून करते. पहिले प्रश्न नेहमी तेच: जनावर कुठलं, वय काय, एकच गेलं की एकापाठोपाठ एक जातायत, आणि गेल्या दोन महिन्यांत खाण्यात काय बदललं. या चार उत्तरांवर निम्मं निदान होतं. उरलेलं निम्मं हात लावूनच करायचं. फोनवरून हृदयरोग ओळखणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

सुरी उचलण्याआधी

अचानक मेलेलं जनावर दिसलं की उघडून बघायची घाई होते. थांबा. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, पोट भराभर फुगलं असेल, अंग नीट ताठरलं नसेल, तर आधी काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय घ्यायचा. कानाच्या शिरेतून एक थेंब रक्त काचपट्टीवर घ्यायचं, तपासून घ्यायचं आणि तोपर्यंत शव उघडायचं नाही. काळपुळीचे जंतू हवा लागली की बीजाणू बनवतात आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात. हृदय बघायच्या नादात अख्खं कुरण बाद करून ठेवाल, शिवाय स्वतःच्या हातावर फोड येईल तो वेगळाच.

जिवंत जनावरात काय बघायचं

गाय असेल तर समोर उभं राहून मानेची शीर बघा. डोकं नेहमीच्या उंचीवर असताना मानेच्या खालच्या तिसऱ्या भागात शीर थोडी उडताना दिसली तर ठीक. ती जबड्यापर्यंत दोरखंडासारखी फुगलेली असेल, गळ्याखालची पोळी आणि छातीचा पुढचा भाग लोंबत असेल आणि बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर हृदयाची उजवी बाजू हरलेली आहे. डावी बाजू हरली की पाणी फुफ्फुसात भरतं: धाप, खोकला, नाकाशी फेस. आराम करत असलेल्या मोठ्या गाईचे ठोके मिनिटाला 60 ते 80, घोड्याचे 28 ते 40, शेळ्या-मेंढ्यांचे 70 ते 90. उभ्याउभ्या घोड्याचे ठोके 70 लागले तर मी हातातलं बाकी सगळं काम बाजूला ठेवते.

दोन सोंगं ओळखायला शिका. गाईने वैरणीतून तार किंवा खिळा गिळला की तो जाळीच्या पोटातून (गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांतला एक) पुढे सरकत हृदयाच्या पिशवीत घुसतो. पोळीची सूज, फुगलेली शीर, सगळं तंतोतंत तसंच दिसतं. फरक असा की अशी गाय कोपरं बाहेर काढून, पाठ कमानीसारखी करून उभी राहते, उतारावर चालायला नकार देते, ताप असतो, आणि कान लावला तर ठोके लांबून आल्यासारखे किंवा पाण्यात खळखळल्यासारखे येतात. दुसरं सोंग उंच डोंगरावरचं. विरळ हवेत फुफ्फुसातल्या नळ्या आवळतात आणि उजव्या बाजूला तो भार पेलवत नाही. तिथे स्नायू मुळात चांगला असतो, नुसता थकलेला. जनावर खाली उतरवलं की बरीचशी सुधारतात, मात्र उतरवताना पळवायचं नाही.

पिल्लं जातायत तेव्हा

माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे. नोकरीचं पहिलंच वर्ष. पंधरावीस करडांचा कळप, वय तीन ते सहा आठवडे. तीनचार मान टाकून बसलेली, श्वास भरभर, एकाच्या नाकाशी गुलाबी फेस. मी म्हटलं न्यूमोनिया. अँटिबायोटिक भरलं आणि सगळ्यांना टोचायला निघाले. करडं ती, पळणारच. पकडापकडीत एक माझ्या हातात गेलं, दुसरं कुंपणाशी कोसळलं. मालक काहीच बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. दुपारी त्यातलं एक उघडलं. फुफ्फुस पाण्याने जड होतं, पण न्यूमोनियात लागतो तसा घट्टपणा कुठेच नव्हता. हृदय कापलं तर आतल्या अस्तराखाली खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे. सुरी त्यावरून जाताना बारीक करकर लागली, रेतीवरून जाते तशी. मेलेल्या स्नायूत कॅल्शियम साचलं होतं.

हा पांढऱ्या स्नायूचा रोग. कारण सेलेनियमची कमतरता, ई जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दोन्ही. पेशीत श्वसनातून तयार होणारी तिखट द्रव्यं विझवणारं एक विकर (एन्झाइम) असतं आणि त्याला सेलेनियम लागतं. ई जीवनसत्त्व पेशीच्या पडद्यावर पहारा देतं. दोन्ही पहारेकरी गैरहजर असले की जो स्नायू सगळ्यात जास्त राबतो तो आधी जळतो. पिल्लाच्या अंगात हृदयाइतकं कोण राबतं? म्हणूनच धावपळ झाली की मरण. गंमत अशी, की 1957 पर्यंत सेलेनियमची ओळख फक्त विष म्हणून होती. 1958 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की गाभण मेंढ्यांना किंचित सेलेनियम दिलं तर कोकरांत हा रोग होत नाही.

मालकाला विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. गाभण काळात आईला काय घातलं? चारा एकाच शेतातला का? वाळलेली वैरण किती जुनी? (साठवणीत ई जीवनसत्त्व उडत जातं, वर्षभर पडलेल्या गंजीत नावालाच उरतं.) शेतात गंधकाची खतं पडतात का? गंधक सेलेनियमच्या आड येतं. शिवाय द्विदल चारा गवतापेक्षा जमिनीतून सेलेनियम कमी उचलतो, त्यामुळे "आम्ही तर उत्तम लसूणघास घालतो" हे उत्तर मला निश्चिंत करत नाही.

वासरांत पट्टे बहुधा डाव्या जवनिकेत (रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यात) आणि मधल्या पडद्यात सापडतात, कोकरांत उजवीकडेही. मांडीचे आणि खांद्याचे स्नायूही कापून बघा, ते शिजवलेल्या मांसासारखे फिके दिसतात. थोड्या मोठ्या वासरांत लघवी कॉफीच्या रंगाची होते. डुकरांच्या पिल्लांत चित्र निराळं: हृदयावर जागोजागी रक्त साकळून ते पिकलेल्या तुतीसारखं दिसतं आणि रोगाचं नावही तुतीवरूनच पडलंय. अशा कमतरतेच्या पिल्लांना लोहाचं इंजेक्शन दिलं तर काही तासांत दगावू शकतात, कारण लोह त्याच आगीत तेल ओततं.

उपाय सोपा वाटतो आणि तिथेच घात होतो. सेलेनियमची गरज चाऱ्याच्या सुक्या वजनात 0.1 ते 0.3 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एवढे भाग. साधारण 5 पीपीएमच्या पुढे रोज पोटात गेलं तर तेच विष. इंजेक्शनचा डोस वजन करून, लेबलवर लिहिलाय तेवढाच. "अशक्त आहे, जरा जास्त देऊ" हे औषध त्यातलं नाही. आणि पिल्लं शांतपणे, कोपऱ्यात घेऊन टोचा. ती करडं आठवली की मी आजही आधी जाळी लावून जागा लहान करून घेते.

पिल्लांच्या हृदयाचा दुसरा वैरी लाळ्या-खुरकूत. मोठ्या जनावरांत तोंडाला आणि खुरांना फोड, लाळ, लंगडणं. दुधावरच्या वासरांत, कोकरांत, डुकरांच्या पिल्लांत मात्र विषाणू सरळ हृदयावर जातो आणि एकही फोड न येता ती मरतात. स्नायूवर पिवळट-करडे पट्टे उमटतात. पुस्तकं त्याला वाघाचं हृदय म्हणतात. पांढऱ्या स्नायूच्या रोगाशी गल्लत होणं अगदी शक्य आहे. म्हणून पिल्लू उघडून झालं की हात धुवा आणि आयांची तोंडं उघडून बघा. जिभेवरची साल निघालेली, हिरडीवर जखम, एखादी गाय पाय झटकतेय, असं काही दिसलं की तुमचं उत्तर तिथेच आहे. तसं असेल तर त्या दिवशी दुसऱ्या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही आणि शासकीय पशुवैद्यकाला कळवायचं.

कुत्र्यांच्या पिल्लांत पार्वो. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला तेव्हा तीन ते आठ आठवड्यांची गुबगुबीत पिल्लं खेळता खेळता मरत, हृदयाच्या दाहाने. आता आया लसीकरण झालेल्या असतात, दुधातून संरक्षण मिळतं, त्यामुळे हृदयाचा प्रकार दुर्मीळ झालाय आणि आतड्याचाच राहिलाय. न टोचलेल्या कुत्रीच्या वेतात मात्र हे नाव विसरू नका.

पोत्यावरचं लेबल वाचा

मोठी जनावरं, एकाच वेळी अनेक, आणि खाद्याचं नवं पोतं फुटलेलं. एवढं जुळलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं मोनेन्सिन. हे आणि याचे भाऊबंद सॅलिनोमायसिन, लॅसालोसिड ही औषधं कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध आणि गुरांच्या खाद्यात वाढीसाठी घालतात. योग्य प्रमाणात उत्तम. पण कुणाला किती सोसतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. निम्मी जनावरं मारणारा डोस दर किलो वजनामागे कोंबडीला सुमारे 200 मिलिग्रॅम, गाईला सुमारे 26, मेंढीला सुमारे 12, आणि घोड्याला फक्त 2 ते 3. सॅलिनोमायसिन तर घोड्याला त्याहूनही जहाल.

हे आकडे मी पाठ केले ते एका तबेल्यामुळे. गोठा आणि तबेला शेजारीशेजारी, खाद्याची खोली एकच. घोड्याचं खाद्य संपलं म्हणून दोन दिवस गुरांचं घातलं. गुरं मजेत. घोड्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी दाणा अर्धवट टाकला; हे लक्षात ठेवा, या औषधाच्या खाद्यावरून घोडा बऱ्याचदा आपणहून तोंड फिरवतो आणि आपण त्याला नखरा म्हणतो. मग घाम, पोटशूळ असल्यासारखी अस्वस्थता, मागचे पाय लटपटणारे. एक घोडी दुपारपर्यंत गेली. दोघं जगली. त्यातल्या एकाला चार महिन्यांनी पहिल्यांदा दौडवलं आणि तो स्वारासकट खाली आला. मेलेल्या स्नायूच्या जागी नुसता व्रण भरलेला असतो. उभ्या घोड्याला तो पुरतो, धावत्या घोड्याला पुरत नाही. म्हणून असा घोडा "बरा झाला" हे मी हृदयाची सोनोग्राफी आणि धावतानाचा ईसीजी बघितल्याशिवाय कुणालाही लिहून देत नाही.

होतं काय, तर ही औषधं सोडियमला पेशीच्या भिंतीतून आत आणून सोडतात, त्यामागून पेशीत कॅल्शियम साचतं आणि ऊर्जा बनवणारी यंत्रणा फुगून फुटते. उतारा नाही. खाद्य तत्काळ बंद, पोटातलं शोषलं जाऊ नये म्हणून डॉक्टरकडून नळीने कोळसा, आणि पूर्ण विश्रांती. हृदय लंगडतंय म्हणून डिजॉक्सिन, हे ठोक्याला जोर देणारं औषध, द्यायचा मोह होतो. इथे ते देऊ नका, ते पेशीत आणखी कॅल्शियम ढकलतं.

गुरं स्वतः मरतात ती मिसळण्यातल्या चुकीने. यंत्र नीट फिरलं नाही, औषध एका पोत्यात गोळा झालं, कुणीतरी शून्य जास्त लिहिलं. त्यामुळे "हेच खाद्य वर्षभर घालतोय" हे उत्तर पुरत नाही. तीच घाऊक खेप का, ते विचारायचं. आणखी एक फसवी जोडी: डुकरांना, कोंबड्यांना टियाम्युलिन हे अँटिबायोटिक चालू असताना खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल, तर नेहमीचा डोसही विषारी ठरतो, कारण यकृत ते निपटू शकत नाही.

सरकीची पेंड. कपाशीच्या बियांत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या गाईच्या पोटातले जंतू ते प्रथिनांशी बांधून टाकतात, म्हणून तिला चालतं. दुधावरच्या वासराचं ते पोट अजून जागं झालेलं नसतं आणि डुकराला ते नसतंच. घात असा की परिणाम लगेच दिसत नाही. आठवडे, कधी दोनतीन महिने सगळं छान, मग धाप, छातीत आणि पोटात पाणी, आणि एक दिवस मरण. तेव्हा मालकाला पेंड आठवतही नाही, कारण ती "नेहमीचीच" असते. डुकरांच्या खाद्यात मोकळं (प्रथिनांशी न बांधलेलं) गॉसिपॉल 100 पीपीएमच्या आत ठेवतात. वासरांना रवंथ नीट सुरू होईपर्यंत सरकी नको, हा माझा नियम, आणि त्यावर मी घासाघीस करत नाही.

कुंपणापलीकडची झाडं

कण्हेर. पान इतकं कडू की हिरवं असताना जनावर सहसा तोंड लावत नाही. बाग छाटून फांद्या कडेला टाकल्या, सुकल्या, चाऱ्यात मिसळल्या की संपलं. सुकल्याने विष जात नाही. मोठ्या गाईला किंवा घोड्याला दहावीस पानंसुद्धा पुरी होतात. ठोके आधी मंद, मग वेडेवाकडे. लगेच मेलेल्या जनावराच्या हृदयावर रक्ताचे ठिपके दिसतात, बाकी फारसं काही नाही. दोनचार दिवस तगलेल्यात स्नायू मेलेला दिसतो. म्हणून पोटातला चारा बादलीत धुऊन बघा. कण्हेरीचं पान चिवट असतं, मधली शीर आणि तिला काटकोनात जाणाऱ्या बारीक समांतर रेषा तशाच राहतात. मी असं एक पान धुऊन मालकाच्या तळहातावर ठेवलं होतं. त्याने वळून थेट कुंपणाकडे बघितलं.

अ‍ॅव्होकाडोची पानं शेळ्या, मेंढ्या, घोडे आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या हृदयाला घातक आहेत. शेळीत कासही सुजते. कासविंद्याच्या बिया धान्यात किंवा खाद्यात आल्या की सगळ्या अंगाचे स्नायू जातात, त्यात हृदयही. घोड्यांसाठी आणखी एक: लसूणघासाच्या गठ्ठ्यात चिरडले गेलेले, अंगावर फोड उठवणारे भुंगे. वाळूनही त्यांचं विष तसंच राहतं आणि ते आतडं, मूत्राशय आणि हृदय तिन्ही भाजतं.

सगळ्यात चकवणारा दाखला दक्षिण आफ्रिकेतला. तिथे काही रानझुडपं खाल्लेली मेंढरं चारपासून आठ आठवड्यांनी पळता पळता कोसळतात. तोवर कळप दुसऱ्याच कुरणात गेलेला असतो आणि दोष त्या कुरणावर येतो. मी "गेल्या दोन महिन्यांत" असं विचारते ते यासाठी. लोक कालपरवाचं सांगतात.

तांबं, जंतू आणि वंश

तांब्याच्या कमतरतेचा हृदयविकार मी स्वतः एकदाच पाहिलाय, तेव्हा थोडक्यात. पश्चिम ऑस्ट्रेलियात गाई दूध काढायला हाकताना हंबरून आडव्या पडत आणि मरत. रोगाचं नावच पडण्याचा रोग. 1940 च्या आसपास तिथल्या संशोधकांनी तो तांब्याच्या अभावाशी जोडला. हृदयात स्नायूच्या जागी दोऱ्यासारखं चिवट ऊतक. चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक जास्त असेल तर तांबं असूनही लागू पडत नाही. मेंढ्यांना मात्र अंदाजाने तांबं देऊ नका. कमतरतेपेक्षा त्या जादा तांब्यानेच लवकर मरतात.

जंतूंत फऱ्या, म्हणजे स्नायू सुजवून सडवणारा रोग, लक्षात ठेवा. पाय सुजलेला नाही, कुठे चरचरत नाही म्हणून तो बाद होत नाही. तरण्या गुरांत कधी फक्त हृदयाचाच स्नायू काळपट, कोरडा, वायूने भरलेला मिळतो. दाटीवाटीने पोसलेल्या गुरांत हिस्टोफिलस नावाचा जीवाणू डाव्या जवनिकेच्या स्नायूत गळू करतो. डुकरांत उंदरांमार्फत येणारा एक विषाणू हृदय पोखरतो, तेव्हा खाद्याच्या खोलीत लेंड्या बघा. अमेरिका खंडात कुत्र्यांना ढेकणांच्या जातीतल्या किड्यांमुळे हृदयावर उठणारा चागास रोग होतो. घोड्याला नुकताच घशाच्या गाठींचा किंवा फ्लूचा आजार झाला असेल तर महिनाभर पळवू नका.

वंशाचं कारण गुरांत विचारायची कुणाला सवय नसते. स्वित्झर्लंडमध्ये रेड होल्स्टीन रक्ताच्या तरुण गाई, बहुतेक दोनपासून चार वर्षांच्या, हृदय फुगून मरू लागल्या. वंशावळी उलट्या चाळल्या तर सगळ्या वाटा एबीसी रिफ्लेक्शन सॉव्हरिन या एकाच वळूकडे गेल्या, आणि 2010 मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं. दोष दोन्ही बाजूंनी यावा लागतो, म्हणून वाहक गाय आणि वळू निरोगी दिसतात. खाद्य, झाडं, जंतू सगळं स्वच्छ आणि मरणारी एकमेकांची बहीण-मावशी लागत असतील, तर रेतनाची वही मागा.

कुत्री आणि मांजरं

इथे क्रम उलटा. जात आधी, ताटली नंतर. मात्र ताटली विसरायची नाही.

मांजरांचं ताटलीचं प्रकरण शिकण्यासारखं आहे. पातळ पडून फुगलेल्या हृदयाची मांजरं पूर्वी सर्रास येत आणि मरत. 1987 मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यांच्या रक्तात टॉरिन (एक अमिनो आम्ल) फार कमी आहे, आणि ते दिलं की हृदय पूर्ववत होतं. मांजराला टॉरिन पुरेसं बनवता येत नाही, ते मांसातूनच यावं लागतं. कंपन्यांनी खाद्यात टॉरिन वाढवलं आणि हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. आजही असं मांजर समोर आलं की मी पहिलं विचारते: घरचं शाकाहारी खातंय का, की कुत्र्याचं खाद्य? कुत्र्याच्या खाद्यावर वाढलेलं एक मांजर माझ्याकडे आलं होतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदय नुसतं थरथरत होतं. टॉरिन सुरू केल्यावर काही महिन्यांनी त्याच पडद्यावर ते नीट आवळताना दिसलं. हृदयरोगात असे दिवस मोजकेच.

कुत्र्यांत 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणा-मसूरसारख्या डाळींवर आधारलेल्या खाद्यांची चौकशी सुरू केली, कारण ज्या जातींत हा रोग अपेक्षित नव्हता त्या कुत्र्यांचं हृदय फुगत होतं. नेमकं कारण सिद्ध झालं नाही आणि 2022 अखेर त्यांनी नियमित माहिती देणं थांबवलं. माझा व्यवहार साधा: असं खाद्य आणि फुगलेलं हृदय एकत्र दिसलं की खाद्य बदलते, टॉरिन तपासायला पाठवते. गोल्डन रिट्रीव्हर आणि अमेरिकन कॉकर असेल तर नक्कीच.

डॉबरमनचं हृदय वंशाने फुगतं. युरोपातल्या एका मोठ्या पाहणीत निम्म्याहून अधिक कुत्र्यांत आयुष्यात कधी ना कधी ते सापडलं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी चोवीस तासांचा ईसीजी आणि सोनोग्राफी. चोवीस तासांत 300 च्या वर अवेळी ठोके म्हणजे रोग. बॉक्सरमध्ये उजव्या बाजूचा स्नायू चरबीत बदलतो आणि कुत्रा उडी मारता मारता बेशुद्ध पडतो, लोक त्याला फिट समजतात. मेन कून आणि रॅगडॉल मांजरांत स्नायू जाड होतो. त्यांची जनुकं 2005 आणि 2007 मध्ये सापडली, पैदाशीआधी चाचणी करता येते.

जाड हृदयाच्या मांजराला "वंशाचं" म्हणण्याआधी थायरॉइड आणि रक्तदाब बघा. वय झालेलं, खूप खाऊनही वाळत चाललेलं, रात्री ओरडणारं मांजर असेल तर बहुधा थायरॉइडच निघेल, आणि त्यावर इलाज आहे. मांजर एकदम किंचाळून मागचे पाय ओढू लागलं, पंजे थंड आणि निळसर, तर पाठीला मार लागला म्हणून मालिश करत बसू नका. हृदयातली गुठळी पायाच्या नळीत अडकली आहे. लगेच निघा.

घरी करण्यासारखं एकच काम, पण सोन्याचं: कुत्रं किंवा मांजर गाढ झोपलं असताना छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. तीसच्या आत हवं. परवा 18, काल 24, आज 34 असं चढत गेलं की फुफ्फुसात पाणी येतंय, सकाळची वाट बघायची नाही. वहीत तारीख टाकून आकडा लिहा. माझ्यासमोर टेबलावर घाबरलेल्या मांजराचे श्वास मोजून मला काहीच कळत नाही.

हृदय उघडताना आणि पाठवताना

काळपुळी नाही हे ठरल्यावरच. हृदय पिशवीसकट बाहेर काढा, आधी पिशवीतलं पाणी बघा. मग डावी जवनिका उघडा. मरणानंतर अंग ताठरतं तेव्हा निरोगी डावी जवनिका आवळून स्वतःला रिकामी करते. शव ताठरलेलं आहे आणि तरी डावीकडे गोठलेल्या रक्ताचा गोळा भरलेला आहे, याचा अर्थ स्नायूत आवळण्याचं बळच नव्हतं. हा एक इशारा मी शंभर पट्ट्यांपेक्षा जास्त मानते. त्यानंतर स्नायूच्या आडव्या चकत्या करा, पाण्याने हलकेच धुवा आणि उजेडात तिरप्या धरा. रोगाच्या डागाला कड असते. सडण्याचा फिकेपणा सगळीकडे सारखा पसरतो. उजवीकडच्या अस्तरावर पांढरट खरखरीत थर दिसला, तर आधी विचारा की जनावराला मारण्याचं इंजेक्शन दिलं होतं का. त्या औषधाचे खडे तिथे जमतात आणि नवखे त्यावरून पानभर अहवाल लिहितात. मीही लिहिलाय.

डाग असलेले आणि नसलेले असे दोन्ही तुकडे घ्या, दोन्ही जवनिका आणि मधला पडदा मिळून पाचसहा, जाडी एका सेंटिमीटरच्या आत, दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्यांच्या दहापट द्रव. अख्खं हृदय बरणीत कोंबून पाठवलं तर बाहेरून टिकतं आणि आतून सडतं. शेजारी बर्फात, फॉर्मलिनशिवाय: हृदयाचा एक तुकडा विषाणूसाठी, यकृताचा तळहाताएवढा तुकडा सेलेनियम आणि तांब्यासाठी, पोटातला चारा. खाद्य किमान अर्धा ते एक किलो, पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून घेतलेलं, कोरड्या पिशवीत; पोतं संपलं असेल तर गव्हाणीच्या कोपऱ्यातलं खरवडून घ्या, आणि लेबलचा फोटो काढा, त्यावरचा खेपेचा नंबर वाचता येईल असा. सोबत्यांपैकी दोनतीन जिवंत जनावरांचं रक्तही पाठवा. स्नायू फुटल्याची विकरं आणि ट्रोपोनिन (इजा झालेल्या हृदयातून रक्तात येणारं प्रथिन) त्यात चढलेलं दिसलं, तर अजून उभी असलेली कोण धोक्यात आहेत ते कळतं. तोवर गोठ्यातलं ते खाद्य बंद, आणि कुणालाही हाकायचं नाही, पळवायचं नाही, गाडीत चढवायचं नाही.

चिठ्ठीवर "अचानक मृत्यू" एवढंच लिहून पाठवू नका. वय, किती होती, किती गेली, कधी गेली, नवं पोतं कुठल्या तारखेला फुटलं, कुठल्या दिवशी हलवली, कुणाला लस टोचली. प्रयोगशाळेतला माणूस त्यावरूनच ठरवतो की आधी विष शोधायचं की विषाणू.